दसऱ्याच्या पाटावरची नळी

भंडाऱ्याच्या ज्या कॉलेजात मी उमेदीची वर्षं घालवली, तिथल्या एका माणसाची नोकरी मी खाल्ली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कोणी सज्जन समजायची घाई करणार नाही. तो आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाचा लॅब अटेंडंट होता. नऊ वर्षं रोजंदारीवर होता आणि त्या दिवाळीनंतर कायम होणार होता. झाला नाही, कारण मी त्याच्याविरुद्ध एक अर्ज लिहिला. अर्ज दीड पानी होता आणि अक्षर माझं चांगलं आहे.

माझ्या रागाची ख्याती घरापासूनची. आमच्याकडे म्हणत, हे पोरगं धानाच्या बांधीत पाणी सोडायला गेलं तरी पाण्याशी भांडून येतं. त्या बांध्यांतून सुटून मी नागपूरला एम.एस्सी. केलं आणि तिथून एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत दोन वर्षं काढली. तिथे बॅक्टेरियातून डीएनए काढायला शिकलो, तो कापायला शिकलो, आणि आपण कोणीतरी आहोत असा समज करून घेतला. मग फेलोशिप संपली आणि दुसरी मिळाली नाही. ऐंशी सालाच्या पुढेमागे मी परत भंडाऱ्यात होतो, तात्पुरत्या नेमणुकीवर, अकरावीच्या पोरांना जास्वंदीच्या फुलाचे भाग शिकवत. जास्वंदीने माझं काही वाईट केलेलं नाही, पण त्या वर्षी मला तिचाही राग यायचा.

आमचे विभागप्रमुख वाळवलेल्या पानांवर जगणारे गृहस्थ होते. त्यांच्या कपाटात जिल्ह्यातल्या रानांतली पानं जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेली असत, आणि जे वर्तमानपत्रात दाबता येत नाही ते शास्त्र नव्हे असं त्यांचं ठाम मत होतं. डीएनएला ते "तुमचा थो धागा" म्हणत. मी काही मागितलं की डोळे मिटून म्हणत, "पाहू नं, काय घाई आहे?" त्यांना मी नको होतो आणि मला ते. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून आम्ही एकमेकांना वाकून नमस्कार करायचो.

विभागात मला एकच माणूस चालायचा, तो म्हणजे हा अटेंडंट. चाळिशी उलटलेला, शहापूरकडच्या एका खेड्यातला, घरची थोडी धानशेती. खोड-पानांचे पातळ काप काढायचा वस्तरा तो चामड्याच्या पट्ट्यावर असा लावून द्यायचा, की पोरांची बोटं कापली तरी त्यांना नंतर कळायचं. विभागप्रमुखांना लिहितानासुद्धा मी "ते" म्हणतो आणि याला "तो", यावरून माझ्या शिक्षणाची किंमत कळावी. तोंडावर मात्र मी त्याला अहोजाहो करायचो.

त्या वर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गाला मी अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवायला घेतलं. बॅक्टेरिया डोळ्यांना दिसत नाही, पण चोर त्याच्याही घरात शिरतो, असं सांगून सुरुवात केली. चोर म्हणजे विषाणू. तो बॅक्टेरियाला बाहेरून चिकटतो आणि स्वतःचा डीएनए आत सोडतो. त्यावर बॅक्टेरियाकडे एक कात्री असते. आपल्या पाहण्यातली नव्हे, एक एन्झाइम. ते डीएनएच्या दुहेरी दोरीवर ठराविक अक्षरं शोधतं. माझ्या उदाहरणात जी, ए, टी, सी. या चार अक्षरांची खुबी अशी की एका दोरीवर ती जी-ए-टी-सी असली, तर समोरच्या दोरीवर उलट बाजूने वाचतानाही जी-ए-टी-सीच निघतं. एन्झाइम ती जागा बरोबर हेरतं आणि दोन्ही दोऱ्या तोडतं. चोराचे तुकडे होतात. माणसाने हीच कात्री बॅक्टेरियातून काढून नळीत भरली आणि आता तो तिने हवा तो डीएनए कापतो.

वर्गात तीस पोरं. एकाने विचारलं, परीक्षेला येणार का. नाही म्हटल्यावर सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी तास अर्धवट सोडला. दारात अटेंडंट वस्तरा लावत उभा होता. तो माझ्या मागोमाग आला.

"सर, एक विचारू का जी?"

"विचारा."

"थे कात्री बॅक्टेरियाच्या घरातच रायते. मंग त्याचं सोताचं काहून कापत नाई? थे अक्षरं त त्याच्याजवळबी असतीन."

तीस पोरांना जो प्रश्न पडला नाही तो या सातवी शिकलेल्या माणसाला पडला होता. मला आनंद झाला आणि तो पोरांवरच्या रागात मिसळून गेला. मी म्हणालो, "टिळा लावतो तो. स्वतःच्या डीएनएवर जिथे जिथे ही अक्षरं आहेत तिथे बॅक्टेरिया बारीकशी रासायनिक खूण लावून ठेवतो. खूण दिसली की कात्री तिथे चालत नाही."

त्याने जरा विचार केला. "मंजे गायक्याच्या कळपात आपली गाय वळखू याव म्हून शिंगाले गेरू लावतो, तसं."

"अगदी तसं."

"बॅक्टेरिया हुशार हाये बापा," असं म्हणून तो वस्तरा ठेवायला गेला.

पुढे असं झालं की विद्यापीठाची समिती येणार असं कळलं. कॉलेजात हा नवा विषय सुरू करू द्यायचा की नाही ते ती ठरवणार होती. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, समितीला काही करून दाखवा, विषय मिळाला तर तुमच्या नेमणुकीचंही बघू. समिती दसऱ्यापासून तिसऱ्या दिवशी येणार होती. त्याच सुमाराला अटेंडंटला कायम करायचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर होता आणि त्या जागेवर विभागप्रमुखांच्या बहिणीच्या मुलाचा डोळा होता. ही गोष्ट कॉलेजात चहावाल्यालाही माहीत होती. मलाही होती.

मी तयारीला लागलो. डीएनएचे तुकडे वेगळे करायला एक पेटी लागते, तिच्यात जेलीच्या थराला विजेचा प्रवाह द्यावा लागतो. विभागप्रमुख म्हणाले, "असं कायी आपल्या इकडे मिळत नसते." मी बसस्टँडजवळच्या, गाड्यांच्या नंबरप्लेट बनवणाऱ्याकडून प्लास्टिकची पेटी चिकटवून घेतली आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून विजेचं यंत्र. त्या दोघांनी मला कॉलेजपेक्षा जास्त मदत केली. डीएनए मी स्वतः काढला, एका साध्या, प्रयोगशाळेत सर्रास वाढवतात त्या बॅक्टेरियातून. आठ दिवस लागले. खरी अडचण एन्झाइमची होती. ते मिळण्यासारखा माणूस एकच, संशोधन संस्थेतला माझा जुना सोबती. त्याची फेलोशिप संपली नव्हती, याचाही मला राग होताच.

मी रेल्वेने गेलो. त्याने बोटाच्या पेराएवढ्या नळीत थोडं एन्झाइम दिलं आणि दुसऱ्या नळीत एक डीएनए पुढे केला. म्हणाला, "हाही घेऊन जा, याच्यावर हमखास चालतं."

"माझा मी काढलाय," मी म्हणालो. "दुसऱ्याच्या घरचं कशाला?"

"बरं. पण कोणत्या बॅक्टेरियातून काढलास ते मला पत्रात लिही. हे एन्झाइम जरा नखरेल आहे."

मी मान डोलावली आणि पत्र लिहिलं नाही. मला वाटलं, हा आता मला शिकवणार. थर्मासमध्ये बर्फ आणि मीठ घालून नळी घेऊन आलो. वाटेत दोन स्टेशनांवर बर्फ बदलला.

आता नळी ठेवायची कुठे? विभागात एक फ्रिज होता, पण आगीच्या भीतीने दर शनिवारी दुपारी अख्ख्या कॉलेजचं मेन स्विच पाडायची पद्धत होती. फ्रिज बंद पडल्याने आजवर कोणाचं काही अडलं नव्हतं म्हणून कोणी बोललं नव्हतं. मी प्राचार्यांशी भांडलो, विभागप्रमुखांशी भांडलो, आणि नुसता भांडून बसलो. अटेंडंटने मात्र वायरमनला गाठून ऑफिसच्या वेगळ्या लाइनवरून फ्रिजला तार ओढून घेतली. "नळी गरम होऊ द्यायची नाही," मी त्याला बजावलं होतं. "ही आपली कात्री आहे. ही मेली तर सगळं मेलं." तो रविवारीही पाच कोस सायकल मारत यायचा, फ्रिजचं दार उघडून बर्फ जमलाय ना ते पाहायचा आणि परत जायचा. हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

दसऱ्याला मी गावी गेलो. भंडाऱ्यात दसऱ्याच्या दिवशी भांड्यांच्या गल्लीत ठोकाठोकी बंद असते. हातोडे, ऐरणी धुऊन कुंकू लावून ठेवलेले असतात. शेतकरी विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडतो. ज्याच्यावर आपलं पोट आहे त्याला त्या दिवशी काम सांगायचं नाही, आणि पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवायची नाही. आमच्या विभागातली पूजा अटेंडंट नऊ वर्षं करत आला होता. कात्र्या, चिमटे, वस्तरे तो धुऊनपुसून पाटावर मांडायचा. मला हे माहीत होतं. मागच्या वर्षी त्याचा प्रसादही मी खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो. प्रयोगशाळेत झेंडूचा आणि उदबत्तीचा वास होता. पाटावर वस्तरे ओळीने होते, कात्र्या होत्या, आणि मधोमध एका पितळी वाटीत कोमट पाण्यात माझी नळी उभी होती. तिच्या टोपणाला कुंकवाचा टिळा होता.

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी ओरडलो. अटेंडंट बाहेरून धावत आला.

"ही नळी इथे कोणी ठेवली?"

"मी ठेवलो जी. काल पूजेत."

"का?"

तो गोंधळला. "कापते न थे. सारे कापनारे मांडले, मंग तिलेच काहून सोडू? सगळ्यात मोठी त थेच होय. बर्फात ठेवलो होतो सर, वाटीभर बर्फ होता. वितळला असन."

"अक्कल आहे का तुला? गाढवा, चोवीस तास बाहेर ठेवलीस! मारून टाकलीस तू! तुझ्या त्या कुंकवाने माझं सगळं वाटोळं केलं!"

मी एकेरीवर आलो होतो, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, तरी मी थांबलो नाही. त्याला आणखी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या जातीगोतीवर गेलो नाही एवढीच माझी लाज शिल्लक राहिली. नळी उचलून, टोपण सदऱ्याच्या टोकाने पुसून त्याने माझ्या हातात दिली. लाल रंग पुरता निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर मी प्रयोग केला. दुसरा मार्ग नव्हता. जेलीच्या डाव्या घरात न कापलेला डीएनए, उजव्या घरात एन्झाइम घातलेला. निळा रंग दिला, पाण्याने धुतलं, दुपारी सगळे वाकून बघायला लागले. डावीकडे जसे पट्टे होते तसेच उजवीकडे होते. काहीही कापलं गेलं नव्हतं. समितीतले एक वयस्कर गृहस्थ दयाळूपणे म्हणाले, "होतं असं." विभागप्रमुख सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "कात्री बोथट झाली वाट्टे."

लोक गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. माझ्या टेबलाशी ते वर्षभरात पहिल्यांदाच आले होते. "तुमची मेहनत वाया गेली," ते म्हणाले. "त्या मानसाच्या हलगर्जीपनानं. तुमी लेखी द्या. मी शेरा मारतो." मी पेटलेलोच होतो. तिथेच बसून दीड पान लिहिलं. अतिशय महत्त्वाचं आणि दुर्मिळ रसायन, हेतुपुरस्सर निष्काळजीपणा, अंधश्रद्धा, संस्थेची बदनामी. ज्या विभागप्रमुखांनी मला कधी एक परीक्षानळी वेळेवर दिली नाही, त्यांनी माझ्या अर्जावर दहा मिनिटांत सही केली. ती सही बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडू दिला नाही म्हणा.

रोजंदारीच्या माणसाला काढायला नोटीस लागत नाही. आठवड्याच्या आत त्याला "उद्यापासून येऊ नको" सांगितलं गेलं. विभागप्रमुखांचा भाचा सोमवारी हजर झाला. त्याला वस्तरा लावता येत नव्हता. विषय मात्र समितीने दिला. त्यांनी कॉलेजची इमारत, पुस्तकं आणि जेवण बघून तो आधीच द्यायचा ठरवला होता, असं नंतर कळलं. माझ्या प्रयोगाने काहीच घडलं नव्हतं आणि काहीच बिघडलं नव्हतं.

दिवाळीत मी उरलेली नळी आणि उरलेला डीएनए घेऊन सोबत्याकडे गेलो. नवीन एन्झाइम मागायचं होतं आणि गावच्या गाढवपणाची गोष्ट सांगायची होती. ती मी रंगवून सांगितली. कुंकू, झेंडू, पितळी वाटी. तो हसला, मलाही हसू आलं. मग म्हणाला, "एक दिवस बाहेर राहिली ना? बघू तरी किती मेली आहे." त्याने माझ्या नळीतलं एन्झाइम त्याच्याकडच्या डीएनएवर घातलं, तोच डीएनए ज्याला मी नको म्हटलं होतं. आणि माझ्या डीएनएवरही घातलं.

संध्याकाळी त्याने मला बोलावलं. त्याच्या डीएनएचे व्यवस्थित तुकडे झाले होते, पायऱ्यांसारखे एकाखाली एक. माझा डीएनए जसाच्या तसा होता.

"कात्री ठणठणीत आहे," तो म्हणाला. "डीएनए कोणत्या बॅक्टेरियातून काढलास?"

मी सांगितलं.

"अरे, त्या बॅक्टेरियात नेमक्या याच चार अक्षरांवर खूण लावायची सोय असते. त्याच्यात वाढलेला डीएनए खूण घेऊनच बाहेर येतो. हे एन्झाइम त्याला शिवत नाही. म्हणून तर पत्र लिही म्हटलं होतं."

मी खुर्चीवर बसलो. जी गोष्ट मी वर्गात सांगितली होती, टिळ्याची, शिंगावरच्या गेरूची, तीच मी विसरलो होतो. विसरलो हेही खरं नाही. मला ती विचारायची नव्हती, कारण विचारलं असतं तर दुसऱ्याला जास्त कळतं असं झालं असतं. नळी एकदाही बाहेर न निघता महिनाभर बर्फात राहिली असती तरी समितीसमोर उजवं घर डाव्यासारखंच दिसलं असतं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण मी एका गरीब माणसाचं उखडलं होतं. परतीच्या गाडीत मला कोणावर तरी रागवायचं होतं. सोबत्यावर, विभागप्रमुखांवर, बॅक्टेरियावर. कोणावरच राग टिकेना, आणि ते मला फार जड गेलं.

अटेंडंट शहापूरजवळ हायवेच्या कडेच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलतो असं कळलं होतं. थंडीत एका रविवारी एस.टी.ने गेलो. तो कोंड्याच्या ढिगाशी उभा होता, केसांपासून पापण्यांपर्यंत धुळीने भरलेला. मला बघून त्याने खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं.

"सर, तुमी? इकडे काहून?"

"तुमची चूक नव्हती," मी म्हणालो. एस.टी.त वाक्य पाठ करत आलो होतो, ते विसरलो. "ती नळी मेली नव्हती. चांगली होती. माझ्या डीएनएवर आधीच खूण होती, म्हणून कापलं नाही."

त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "खून मंजे, टिळा?"

"हो."

"थे त तुमीच सांगले होते मले."

"हो."

"आन तुमीच इसरले."

"हो."

तो हसेल, किंवा शिवी देईल असं मला वाटलं. दोन्हींतलं काही केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो ढिगाकडे बघत म्हणाला, "मी घरच्याईले सांगून राहिलो होतो का माया हातानं सरचं नुकसान झालं म्हून. बायको म्हने, पूजेनं कोनाचं नुकसान होते का? मी तिले गप बसवलो. म्हटलो, तुले काय समजते, थे शिकलेले मानसं हायेत."

मिलचा पट्टा चालू झाला, त्याला मोठ्याने बोलावं लागलं.

"हे लिवून देता का, सर? प्राचार्यायले? जसं तवा लिवले होते तसं?"

"देतो."

"कवा?"

"याच आठवड्यात."

"लिवा जी," तो म्हणाला. "जागा भेटो का ना भेटो. नऊ वर्साच्या कागदात माया नावावर थेवढंच एक लिवलं हाये."

घरी आलो आणि त्याच संध्याकाळी लिहिलं. या वेळी अर्धं पान पुरलं. चूक माझी, सदर कर्मचारी निर्दोष, पुन्हा कामावर घ्यावा ही विनंती. खाली सही केली. सकाळी कॉलेजात कळलं की माझ्या कायम नेमणुकीचा कागद निघाला आहे आणि तो विभागप्रमुखांच्या शेऱ्यासाठी त्यांच्याकडे आहे. मी स्वतःला म्हणालो, ऑर्डर हातात येऊ दे, मग देऊ. पंधरा दिवसांनी ऑर्डर आली. मग म्हणालो, पहिलं वर्ष नीट जाऊ दे. विभागप्रमुखांशी आता माझं बरं जमायला लागलं होतं. ते मला "पाहू नं" न म्हणता सामान देत होते, आणि का देत होते ते मला पक्कं कळत होतं.

पुढच्या दसऱ्याला संध्याकाळी तो माझ्या घरी आला. आमच्याकडे त्या दिवशी आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतात, ज्याच्याशी अबोला आहे त्यालाही देतात. त्याने धुतलेला सदरा घातला होता. पानं माझ्या हातात ठेवून वाकला, मीही वाकलो. मग तो गेला नाही. उंबऱ्याशी उभा राहिला, काही न विचारता. मला माहीत होतं तो कशासाठी उभा आहे.

"चहा घेता?" मी विचारलं.

"नाई जी," तो म्हणाला. आणखी थोडा वेळ उभा राहिला आणि सायकल घेऊन गेला.

त्याच्या पुढच्या दसऱ्याला तो आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही. विभागप्रमुख निवृत्त झाले, मी विभागप्रमुख झालो, आणि तो अर्ध्या पानाचा कागद टेबलाच्या खणातून घरच्या कपाटात आला. अजून तिथेच आहे. शाई फिकट झालेली नाही. अक्षर चांगलं आहे.